वाढत्या अंगाचे धनुष्य

आपल्याकडे मुलांसाठी काहीही घ्यायचे झाले की ते वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. जूनमध्ये घेतलेल्या गणवेशाच्या बाह्या तळहातावर येतात, फ्रॉकच्या घेराला आतून चार बोटे दुमड असते, बुटाच्या टोकाला कापूस कोंबलेला असतो. सायकल तर अशी, की पहिली दोन वर्षे पोराने नळीखालून पाय घालूनच ती हाणायची. यात कंजुषी नसते, हिशेब असतो. पोर वाढणार आहे, वस्तू पुरली पाहिजे. माझे सगळे बालपण असे दोन मापे पुढच्या कपड्यांत गेले आणि त्यामुळे माझे काही बिघडले नाही.

म्हणून धाकटीला धनुष्य घ्यायची वेळ आली, तेव्हा तेही मी वाढत्या अंगाचेच घेतले.

२०२३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या आदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेतेपद मिळवले. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे सुवर्ण आणले. आमची तेरा वर्षांची धाकटी त्या बातम्या डोळे मोठे करून पाहत होती. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने जाहीर केले, की तिला तिरंदाजी शिकायची आहे. आणि तीही चाके आणि भिंग लावलेल्या धनुष्याने नव्हे. रामाच्या हातात चित्रात असते तशा साध्या, वाकवलेल्या लाकडाच्या धनुष्याने.

मला मनापासून आनंद झाला. आमच्या घराण्यात खेळात कोणी नाव काढलेले नाही. मी मोबाइलवर शोध घेतला आणि एक देखणे धनुष्य निवडले. एकसंध, तपकिरी लाकडाचे, मुठीपाशी कातडी पट्टी. त्यात वेगवेगळे आकडे होते: वीस, पंचवीस, तीस, चाळीस. विक्रेत्याला फोन करून विचारले, तर तो म्हणाला, "सर, चाळीसच घ्या. वीस-पंचवीस म्हणजे खेळणं हो, दोन महिन्यांत कंटाळा येतो. चाळीस पुढं कामाला येईल." हे तर माझ्याच मनातले होते. दसऱ्याला धनुष्य घरी आले. पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून, आपट्याची पाने घालून त्याची पूजा झाली. सौ. तेवढ्यात म्हणाली, "केवढं जड दिसतंय हो! रावणाची गोष्ट माहीत आहे ना तुम्हाला?" सीतेच्या स्वयंवरात शिवधनुष्य उचलताना रावण त्याच्याखालीच सापडला, ती गोष्ट. मी हसण्यावारी नेले.

पुढचे तीन आठवडे गच्चीवर पोत्यात गवत भरून सराव चालला. धाकटी धनुष्य उचलायची, दात आवळायची, अर्ध्याच्या थोडे पुढे दोरी ओढायची आणि बाण सुटायचा. एक कुंडीत, एक पाण्याच्या टाकीवर. मी खाली खुर्ची टाकून बसलेला. "जोर लाव, जोर! आणखी ओढ!" असा माझा उपदेश चालू. मग तिचे गच्चीवर जाणे कमी झाले. एकदा अभ्यास होता, एकदा पोट दुखत होते. शेवटी एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मला नाही आवडत तिरंदाजी." मुलांची हौस चार दिवसांची असते असे म्हणून मी तो विषय सोडला, थोडा रागही धरला. पैसे गेले होते.

त्यानंतर एका सकाळी सौ.ने मला आत बोलावले. धाकटी आरशासमोर उभी होती. तिला वेणी घालता येत नव्हती. उजवा हात खांद्याच्या वर जातच नव्हता, आणि गेले आठ दिवस ती आमच्यापासून लपवून एका हाताने कसेबसे केस बांधून शाळेत जात होती.

हाडांच्या डॉक्टरांनी तपासले. खांद्याच्या सांध्याभोवती छोटे स्नायू असतात, त्यांच्या कंडरांना सूज होती. महिनाभर विश्रांती, शेक आणि नंतर हलके व्यायाम. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा नरम थर असतो, हाड तिथूनच वाढते; त्या थरावर पुन्हा पुन्हा ताण आला तर दुखणे लांबते, हेही त्यांनी सांगितले. मग विचारले, "किती ओढत होती ही?" मी चाळीस पौंड म्हणालो. त्यांनी कागदावर गुणाकार केला. "अठरा किलो. तेरा वर्षांच्या मुलीला तुम्ही अठरा किलोची पिशवी दिवसातून पन्नास वेळा एका हातानं उचलायला सांगाल का?"

मी काहीच बोललो नाही. घरी येताना रिक्षात धाकटी खिडकीबाहेर पाहत एवढेच म्हणाली, "मला वाटलं, मीच कमजोर आहे."

आकडा कोणाचा?

तालुक्याच्या क्रीडा संकुलात तिरंदाजी शिकवणारे एक निवृत्त शिक्षक येतात. दुखणे बरे झाल्यावर धाकटीला आणि त्या धनुष्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी धनुष्य हातात घेतले, पात्यावरचा आकडा वाचला, धाकटीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. रागावले नाहीत. म्हणाले, "साहेब, दर महिन्याला असा एक बाप येतो."

मग त्यांनी मला जे समजावले ते कुठल्याही दुकानात कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट ही, की धनुष्यावरचा आकडा हे त्याचे वजन नाही. आमचे ते चाळीस पौंडांचे धनुष्य तराजूत टाकले तर किलोभरही भरत नाही. आकडा आहे तो ओढीचा. दोरी पूर्ण मागे ओढून धरायला किती जोर लागतो, तो. मैदानावर सगळे त्याला पाउंडेज म्हणतात. तिरंदाजीचा सगळा जागतिक व्यवहार पौंडांत चालतो. आपण मनात त्याचे निम्मे करून त्यातून थोडे वजा केले की किलो मिळतात. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलो, वीस म्हणजे नऊ.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पात्यावर चाळीसच्या शेजारी बारीक अक्षरांत २८ असा आकडा होता, तो मी पाहिलाच नव्हता. त्याचा अर्थ, दोरी अठ्ठावीस इंच ओढली तर जोर चाळीस पौंड. पण अठ्ठावीस इंच ओढ ही साधारण उंचीच्या मोठ्या पुरुषाची. ज्याचे हात आखूड तो कमी ओढणार, त्याला जोर कमी लागणार. ज्याचे हात लांब त्याला जास्त. चाळिसाच्या आसपासच्या धनुष्यात दर इंचाला दोन-अडीच पौंडांचा फरक पडतो, हलक्या धनुष्यात त्याहून कमी. म्हणजे धनुष्यावर छापलेला आकडा धनुष्याचा, आणि हातात येणारा आकडा माणसाचा.

स्वतःची ओढ किती, याचा एक ढोबळ हिशेब सरांनी दाखवला. दोन्ही हात बाजूंना सरळ पसरायचे, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजायचे आणि अडीचने भागायचे. धाकटीचे हात भरले एकोणसाठ इंच, म्हणजे ओढ साडेतेवीसच्या आसपास. माझी साडेसत्तावीस. खात्री करायची तर एखाद्या अगदी हलक्या धनुष्यावर लांब बाण लावून तो नीट हनुवटीपाशी ओढायचा आणि धनुष्याच्या लक्ष्याकडच्या कडेशी बाणावर पेन्सिलीने खूण करायची. आकडा तिथे दिसतो.

मग त्यांनी पिशवीतून रद्दीवाल्याकडे असतो तसा आकड्याचा स्प्रिंगकाटा काढला. आमच्या धनुष्याची दोरी काट्यात अडकवली, धाकटीच्या ओढीएवढी ताणली आणि मला वाचायला सांगितले. साडेतेरा किलोंच्या जवळ काटा थांबला. "बघा. लिहिलंय चाळीस, हिच्या हातात येतात तीस. डॉक्टरांना सांगा, अठरा नव्हे. पण हिला हवेत तेरा-चौदा पौंड, म्हणजे सहा किलो. तुम्ही हिला दुपटीहून जास्त दिलंत." प्रवासाची बॅग तोलायचा काटा घरात असेल तर हा प्रयोग कोणालाही करता येतो. मात्र एक सावधगिरी हवी. काट्यातून दोरी हळूहळू परत सोडायची. बाण न लावता ओढून दोरी एकदम सोडली, तर बाणात जायची ती सगळी शक्ती लाकडात परत जाते आणि चांगले धनुष्यही फुटू शकते. मुलांच्या हाती धनुष्य देताना हा नियम त्यांना आधी शिकवायचा.

आणि याच हिशेबात वाढत्या अंगाचा सगळा घोटाळा आहे. गणवेश मुलाला वाढत्या वयाबरोबर तंग होतो. धनुष्याचे तसेच आहे, पण वेगळ्या वाटेने. मूल वाढले, हात लांबले, की तेच धनुष्य जास्त ओढले जाते आणि आपोआप अधिक जड होते! म्हणजे आज हलके वाटणारे धनुष्य मुलाच्या वाढीबरोबर स्वतःच वाढत असते. वर आणखी वाढत्या अंगाचे घ्यायची गरजच नसते. हे कळले तेव्हा मला माझेच हसू आले, पण फार नाही.

धनुष्य छळते तेव्हा

बर्लिनला सुवर्ण मिळाले ते कंपाउंड धनुष्याने. त्याच्या टोकांना चाके असतात आणि ओढ पूर्ण झाली की बहुतेक जोर ती चाकेच झेलतात. नेमबाजाच्या हातात थोडाच भार उरतो. साध्या पारंपरिक धनुष्यात ही दया नाही. दोरी जितकी मागे याल तितका भार वाढत जातो आणि जिथे नेम धरायचा, स्थिर राहायचे, तिथे तो सर्वांत जास्त असतो. म्हणून एका प्रकारचा आकडा दुसऱ्याला लावू नये. पन्नास पौंडांचे कंपाउंड ओढणारा तुमच्या ओळखीत असला तरी त्याचे ऐकून पन्नास पौंडांचे लाकडी धनुष्य घेऊ नका.

जोर कुठला लागतो याचाही लोकांचा समज चुकीचा असतो. आमच्यासमोर त्या दिवशी व्यायामशाळेत जाणारा एक तरुण आला होता. दंडाची बेंडकुळी बघण्यासारखी. सरांनी त्याला तीस पौंडांचे धनुष्य दिले. त्याने ते एका झटक्यात ओढले, पण धरून ठेवता आले नाही. चौथ्या बाणाला हात थरथरू लागले. दोरी दंडाने ओढायची नसते. पाठीत जे दोन खवाटे आहेत, ते मागे एकमेकांकडे सरकवायचे, आणि त्यांच्यामधल्या स्नायूंवर भार घ्यायचा. रोजच्या आयुष्यात आपण हे स्नायू अशा कामाला कधी लावतच नाही. विहिरीचा रहाट गेला, आता तर अजिबातच नाही. म्हणून पैलवानही तिरंदाजीत पहिल्या दिवशी बालवाडीतच असतो.

धनुष्य आवाक्याबाहेर असेल तर काय होते ते सरांनी धाकटीला न दुखवता मलाच ओढायला लावून दाखवले. मी ते चाळीसचे धनुष्य उचलले. ओढता यावे म्हणून आधी आभाळाकडे रोखले, मग खाली आणत ओढले. डावा खांदा कानाला जाऊन टेकला. कंबर मागे झुकली. दोरी हनुवटीपर्यंत आलीच नाही. गालापासून चार बोटांवर असतानाच बोटांनी आपणहून ती सोडून दिली. बाण कुठे गेला हे मला अजून माहीत नाही. सर म्हणाले, "आता सांगा, सुटायच्या वेळी तुम्ही काय बघत होता?" मी काहीच बघत नव्हतो. डोळे उघडे होते, एवढेच.

यातले सर्वांत वाईट काय, तर सवय. शरीर फार लवकर शिकते आणि चुकीचे आधी शिकते. जड धनुष्य सोडवून टाकायची घाई महिनाभर केली, की पुढे हलके धनुष्य दिले तरी बोटे नेम लागण्याआधीच दोरी सोडतात. ती खोड मोडायला वर्ष जाते. कित्येक जण तिथेच खेळ सोडतात, आणि सोडताना म्हणतात काय, तर मला आवडत नाही.

सरांच्या तोंडून मग एक जुना दाखला निघाला. वसिष्ठांच्या नावावर असलेली एक धनुर्वेदसंहिता आहे. तिच्यात धनुष्य निवडण्याबद्दल सांगितले आहे, की ते धरणाऱ्याच्या स्वतःच्या बळाला धरून असावे, कारण ज्याला धनुष्यच छळते आहे त्याला लक्ष्य दिसत नाही. मला एकदम अर्जुनाची गोष्ट आठवली. पोपटाचा फक्त डोळा दिसतो म्हणणारा अर्जुन आपण मुलांना एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. पण ज्याचा खांदा जळतो आहे आणि हात कापतो आहे, त्याला पोपटही दिसणार नाही आणि झाडही. अर्जुनाच्या हातात त्या दिवशी त्याला पेलणारे धनुष्य होते, हे गोष्टीत कोणी सांगत नाही, कारण सांगायची गरज वाटत नाही.

शंभर पौंडांचे तिरंदाज

यावर कोणी म्हणेल, की पूर्वीचे लोक तर शंभर-शंभर पौंडांची धनुष्ये ओढत. खरे आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे मेरी रोझ हे लढाऊ जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्राच्या तळातून वर काढले गेले. त्या जहाजावर लाकडाची सव्वाशेहून अधिक अखंड धनुष्ये मिळाली. अभ्यासकांनी त्यांचा जोर काढला, तर बहुतेकांचा शंभर पौंडांच्या वर आणि काहींचा दीडशेच्याही पुढे निघाला. आजच्या ऑलिंपिकमधले पुरुष साधारण पंचेचाळीस ते पन्नास पौंड ओढतात, त्यावरून अंदाज करा.

पण ते लोक तिथवर कसे पोचले? मेरी रोझ बुडाल्यानंतर चारच वर्षांनी, १५४९ साली, ह्यू लॅटिमर नावाच्या एका वृद्ध धर्मोपदेशकाने बालराजा सहाव्या एडवर्डसमोर प्रवचन करताना आपल्या बालपणाची आठवण सांगितली आहे. तो शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी त्याला धनुष्य शिकवले, आणि त्याच्या वयाला व ताकदीला जुळेल असेच धनुष्य दर वेळी आणून दिले. तो वाढला तसे धनुष्यही मोठे मोठे होत गेले. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याला जे कळले ते इतके पैसे मोजून मला कळले नव्हते.

इंग्लंडपर्यंत जायचीही गरज नाही. सातपुड्यातल्या भिल्ल पाड्यांवर धनुष्य बांबूचे असते आणि दोरीही बांबूच्याच कामटीची. तिथे धनुष्य दुकानातून येत नाही. ज्याच्या हातात जायचे त्याच्या मापाने ते घरीच बनते, पोराला पोराएवढे. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबा राम हा आदिवासी मुलगा बांबूच्या धनुष्यावर हात बसवूनच मोठा झाला आणि १९९२ साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्याने तीस मीटरच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. रांचीजवळच्या रातू चट्टीची दीपिका कुमारी घरच्या बांबूच्या धनुष्याने सराव करी. २००६ साली जमशेदपूरच्या टाटा अकादमीत आल्यावर तिच्या हाती चांगले आधुनिक साहित्य पडले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकले. आपल्याकडे अजूनही इंडियन राउंड म्हणून बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धा होतात आणि शेकडो मुलांची सुरुवात तिथूनच होते. स्वस्त आहे म्हणून लोक त्या धनुष्याला कमी लेखतात. माझ्या मते ते हलके आहे, हाच त्याचा मोठा गुण.

मग किती घ्यावे?

सरळ आकडे सांगा, असे मी सरांना म्हणालो. त्यांनी सांगितले ते देतो, पण हे सगळे हातात येणारे आकडे आहेत, पात्यावर छापलेले नव्हेत. आठ-दहा वर्षांच्या मुलाला दहा-बारा पौंड. अकरा ते तेरा वर्षांत बारा ते सोळा. चौदा ते सतराच्या मुलामुलींना सोळा ते बावीस. मोठ्या बाईने अठरा ते चोवीसपासून सुरुवात करावी, मोठ्या पुरुषाने बावीस ते अठ्ठावीस. शंका असेल तर खालचा आकडा घ्यावा. आणि पन्नाशी उलटलेल्याने, खांदा किंवा मान पूर्वी कधी दुखली असेल त्याने, शंका नसली तरी खालचाच.

घेण्याआधी एक परीक्षा करून पाहावी. धनुष्य लक्ष्याच्या उंचीला सरळ धरा, वर नाही, खाली नाही. तिथूनच दोरी हळू ओढत हनुवटीपाशी आणा आणि मनात दहा आकडे मोजा. मग तितक्याच सावकाश परत न्या. हे पाच-सहा वेळा करूनही खांदा वर चढला नाही, हात कापला नाही, श्वास चालू राहिला, तर ते धनुष्य तुमचे. ओढता येते का हा प्रश्नच नाही, कसाबसा ओढतो कोणीही. धरता येते का, आणि पन्नासाव्या बाणालाही पहिल्यासारखे धरता येते का, हे पाहायचे. पन्नास बाणांचा हिशेब एकदा करून पाहा. आमच्या धाकटीने दर बाणाला साडेतेरा किलो याप्रमाणे पन्नास बाणांत पावणेसातशे किलो ओढले असते. ऑलिंपिकची पात्रता फेरी बहात्तर बाणांची. पंचेचाळीस पौंडांच्या धनुष्याने ती खेळणारा त्या एका फेरीत जवळजवळ दीड टन ओढतो.

हलक्या धनुष्याने बाण लांब जाणार नाही ही तक्रार नेहमीची. जाऊ नये. शिकणाऱ्याचे लक्ष्य दहा पावलांवर असावे, नंतर अठरा-वीस मीटरवर. तेवढ्यासाठी वीस पौंड पुष्कळ होतात. परदेशात अनेक ठिकाणी हरणाच्या शिकारीसाठी किमान चाळीस पौंडांचा कायदा आहे, त्यामुळे तिकडच्या धनुष्यांवर आणि तिकडच्या सल्ल्यांत तो आकडा वारंवार दिसतो. आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. आपल्याला कागद फोडायचा आहे, आणि कागद फार प्रतिकार करत नाही.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. दर सहा महिन्यांनी नवे धनुष्य कोण घेणार? त्यासाठी मुठीचा लाकडी भाग एक आणि वरखालची पाती सुटी, स्क्रूने बसवायची, अशी धनुष्ये मिळतात. मूठ तीच ठेवायची, पाती बदलायची. दोन-दोन, फार तर चार पौंडांनी वर जायचे, आणि तेही काही महिने स्थिरपणे खेळल्यावर. जुनी पाती मैदानावर दुसऱ्या कोणाला देता येतात. आमचे ते एकसंध देखणे धनुष्य असे बदलता येत नव्हते. बाणाचेही लक्षात ठेवा: हलक्या धनुष्याला लवचीक बाण लागतो. चाळीसच्या धनुष्याचे ताठ बाण पंधराच्या धनुष्यावर लावले तर ते बाजूला पळतात आणि पोर समजते, आपलाच नेम चुकतो.

त्या दिवशी सरांनी धाकटीला अठरा छापलेल्या पात्यांचे धनुष्य दिले. तिच्या हातात ते तेरा पौंड. पाच मीटरवर मोठी गवताची गादी, त्यावर कागदही नाही. तिने दोरी ओढली. ती हनुवटीला येऊन टेकली, आणि तिथेच थांबली. धाकटी वळून माझ्याकडे पाहू लागली, दोरी तशीच धरून. तीन आठवडे गच्चीवर जे एकदाही झाले नव्हते ते इतके सोपे होते, याचा तिला विश्वास बसत नव्हता. सर ओरडले, "इकडं नाही, समोर बघ!"

आता दीड वर्ष होत आले. मध्यंतरी तिचे हात लांबले, तेच अठराचे धनुष्य पंधरा पौंड भरू लागले, आणि मग सरांनी बावीसची पाती चढवली. तिच्या ओढीला ती अठरा भरतात. वीस मीटरवर तिचे बाण आता बऱ्यापैकी एका ताटलीत बसतात. अठराची पाती शेजारच्या गावच्या एका मुलाकडे गेली आहेत, त्याचे वडील त्याला दर रविवारी मोटारसायकलवर घेऊन येतात. पहिल्या दिवशी त्यांनी सरांना विचारले होते, जरा मोठं नाही का मिळणार, पुढं कामाला येईल असं? सरांनी माझ्याकडे बोट दाखवले.

मलाही सरांनी शिकायला उभे केले आहे. चोवीस पौंड. सध्या दहा पावलांवर आहे. चाळीसचे धनुष्य दोरी उतरवून कपाटावर ठेवले आहे. दसऱ्याला खाली काढतो, पूजा करतो, परत ठेवतो.